यादीबाहेरची सतरा पालं

बाळाचा डावा दंड आधी बघायचा, ही मला नोकरीत मिळालेली पहिली शिकवण. जन्मल्यावर क्षयरोगाची लस टोचलेली असली की डाव्या दंडावर बहुधा मसुराएवढा व्रण राहतो. आई काय सांगते, रजिस्टरात काय लिहिलंय, ते नंतर. झोपलेलं लेकरू हळूच वळवून मी त्याची बाही वर सारायचे, तेव्हा कितीतरी आयांना वाटायचं की ही बाई ताईत शोधतेय. एका आजीनं तर मला दटावलंच होतं, "दिष्ट लागती, नका बगू एवढं निरखून!"

संख्याशास्त्रात बी.एस्सी. केलं तेव्हा पुढं लोकांच्या लेकरांचे दंड बघत हिंडावं लागेल असं वाटलं नव्हतं. पण नोकरी लागली ती आढाव्याच्या कामात. आढावा म्हणजे काय, हे माझ्या सासरी शेवटपर्यंत कुणाला नीट कळलं नाही, म्हणून इथं सांगते.

आपल्याकडं सरकारी आरोग्याची एक उतरंड आहे. तळाशी गावातलं उपकेंद्र. तिथं एक परिचारिका असते, तिला सगळे सिस्टर म्हणतात. तिच्यावर प्राथमिक आरोग्य केंद्र, त्यावर तालुका, जिल्हा, राज्य आणि शेवटी दिल्ली. सिस्टर दर महिन्याला एक तक्ता भरते. किती बाळंतपणं झाली, किती बाळांना लस दिली, किती ताप, किती हगवण. हे तक्ते बेरीज होत होत वर जातात. दिल्लीला पोचेस्तोवर त्यात नावं उरत नाहीत, टक्के उरतात. ते टक्के खरे आहेत का, देशाची आरोग्यव्यवस्था खरंच चालते का, हे तपासायला काही वर्षांनी देशभर आढावा निघायचा. सगळीकडं जाणं शक्य नसतं. मग गावांच्या यादीतून चिठ्ठ्या काढाव्यात तशी काही गावं निवडायची, त्या गावांतल्या घरांच्या यादीतून काही घरं निवडायची, आणि त्याच घरी जायचं. शेजारच्या घरी नाही. शेजारीण कितीही मायेनं चहाला बोलावो, तिचं लेकरू मोजायचं नाही. आपल्या मर्जीनं घरं निवडली की आकडा बिघडतो. हा नियम मी पाठ केला होता, आणि मला तो मनापासून पटलेला होता.

मी पर्यवेक्षक होते. चार पोरी घरोघर फॉर्म भरायच्या, मी त्यांचं काम तपासायचे आणि उपकेंद्रांची रजिस्टरं बघायचे. जीप चालवायला रशीदभाई. ते शहरात गुलमंडीजवळच्या एका गल्लीत राहायचे, बोलायचे दखनी, आणि आम्ही कुठल्या गावात काय शोधतोय हे माझ्यापेक्षा त्यांना आधी कळायचं. गाव लांब असतानाच ते सांगायचे, "मॅडम, इधर अपने आने की खबर हो गई. रांगोळी दिखरी."

एका गावात तर उपकेंद्राला रात्रीतून रंग दिलेला. मी भिंतीला टेकले आणि पाठीवर पिवळा पट्टा घेऊन दिवसभर हिंडले. प्रसूतीच्या टेबलावर पांढरीशुभ्र चादर होती, पण खोलीत कांद्याचा दर्प. आदल्या दिवसापर्यंत तिथं कुणाचा तरी कांदा साठवलेला होता. मी शेऱ्यात लिहिलं, 'प्रसूतीची खोली स्वच्छ, कांद्याचा वास.' अहवालात 'प्रसूतीची खोली स्वच्छ' एवढंच छापून आलं. मी ते कितीतरी जणांना हसत हसत सांगितलं होतं.

दुसऱ्या एका केंद्रात लसींचा फ्रीज होता. लस दोन ते आठ अंशांत ठेवावी लागते, आणि सकाळ-संध्याकाळ फ्रीजचं तापमान तक्त्यावर लिहावं लागतं. त्या तक्त्यावर महिनाभर पाच, पाच, पाच. आदल्या आठवड्यात तिथं तीन दिवस वीज नव्हती, हे मला वाटेतल्या पिठाच्या गिरणीवाल्यानं सांगितलेलं. मी तिथल्या वयस्कर औषधनिर्मात्याला विचारलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, "मॅडम, रकाना कोरा ठिवला की नोटीस येती. पाच लिव्हलं की कुनी काय म्हनत नाय. तुमीच सांगा, मी काय लिव्हू?"

मी त्यांच्याविरुद्ध शेरा लिहिला आणि पुढच्या गावाला गेले. त्या काळात मला खोटं रजिस्टर पकडण्याचा अभिमान होता. खऱ्या रजिस्टरावर चहाचे डाग असतात, शाई बदलते, घाईत नाव अर्धंच राहतं. खोटं एका बैठकीत लिहिलेलं असतं, त्याच्या सगळ्या ओळी एका बाजूला झुकतात. मी पान उघडलं की सांगायचे. वरिष्ठ माझं कौतुक करायचे, आणि मला ते आवडायचं.

तर आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगते.

दुष्काळाचा तो लागोपाठ दुसरा उन्हाळा होता. खेड्यांत टँकर सुरू होते, आणि शहर मात्र चहूबाजूंनी पसरत होतं. पैठण रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्वारीच्या रानांत चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडलेले होते. मध्येच एखादं दोन मजली घर एकटंच उभं, भोवती नांगरट. कुठं गाव संपतं आणि कुठं शहर सुरू होतं ते तिथल्या माणसांनाही सांगता येत नव्हतं. आमच्या चिठ्ठीत असंच एक कडेचं गाव निघालं. त्याचं खरं नाव लिहीत नाही, वडखेड म्हणू या.

वडखेडच्या सिस्टर शिंदेबाई. पन्नाशीच्या जवळ आलेल्या, पायांत नेहमी रबरी चपला, बोलणं तुटक. त्यांचं रजिस्टर मी उघडलं आणि मला फार बरं वाटलं. चहाचे डाग, तीन रंगांची शाई, समासात 'आई माहेरी, पुन्हा जाणे' अशा टिपा. आमच्या पोरींनी यादीतली सगळी घरं केली, मी दंड तपासले. एकही बाळ सुटलेलं नव्हतं. शंभर टक्के. असं गाव वर्षातून एखादं लागतं.

परत निघालो तर वाटेत जीप तापली. शहराला पाणी नेणारा मोठा नळ रस्त्याच्या कडेनं गेलेला होता, आणि एका ठिकाणी त्याच्या व्हॉल्व्हमधून पाणी झिरपत होतं. रशीदभाईंनी तिथं गाडी उभी केली. आसपास सगळं रान भुरकं, आणि त्या व्हॉल्व्हभोवती तेवढी हिरवळ. तिथं मेंढरं दाटलेली होती, आणि पलीकडं नाल्याच्या काठानं पालं. मी सवयीनं मोजली. सतरा.

रशीदभाई डबा भरता भरता म्हणाले, "मॅडम, इनों किस गाँव की गिनती में आते?"

मी म्हटलं, "बघते," आणि खाली उतरले.

पहिल्या पालासमोर एक बाई लोकर विंचरत बसलेली होती. साठीच्या आतली, हिरवं लुगडं, कपाळावर मोठं गोंदण. ती ठकूबाई. मी कोण, कुठली, विचारलं तिनं. मी म्हटलं, दवाखान्याकडून आलेय, लेकरांना टोचलंय का ते बघते.

"आमी अजिंठ्याच्या डोंगराकडचे," ती म्हणाली. "तिकडं पान्याचा थेंब नाय. मेंढरं जगवत जगवत इथवर आलो. हितं ह्यो नळ गळतोय म्हनून चार दिस टेकलोय. फुडं पैठनच्या अंगाला जायाचं हाय, गंगेच्या काठाला. तिथं माझी भैन दिलेली हाय."

तिची सून मंगल पालातून बाहेर आली. अठरा-एकोणीस वर्षांची असेल. कडेवर दीडेक वर्षांची मुलगी, केसांना तेल लावून दोन शेंड्या बांधलेल्या. नाव हौसा. मी तिची बाही वर सारली. दंड कोरा होता.

"टोचलं नाही का कधी?" मी विचारलं.

"वाटंवर झाली ही," मंगल म्हणाली. "मंग कुठं टोचनार?"

मी वही काढली. एकेका पालाशी जाऊन लेकरांची नावं लिहायला लागले. पाच वर्षांखालची एकवीस निघाली, आणि एकाच्याही आईकडं लसीचं कार्ड नव्हतं. शेवटच्या पालाच्या तोंडाशी लिंबाचा डहाळा टांगलेला दिसला. आत चारेक वर्षांचा मुलगा चादरीखाली पडलेला, डोळे लाल, नाक वाहतंय, तोंडावर आणि छातीवर लाल पुरळ. मी डॉक्टर नाही, पण गोवर ओळखायला डॉक्टर असावं लागत नाही.

ठकूबाई माझ्यामागून आली होती. "गवर उठलाय त्याला. चार दिसांनी उतरंल." मग माझ्या वहीकडं बघून म्हणाली, "बाई, तुमी एवढं लिव्हून घेताय, मंग सुईवाली येईल का हितं?"

"येईल," मी म्हटलं.

"कवा?"

"दोन-तीन दिवसांत. तुम्ही हलू नका, मावशी."

हे मी बोलले. मला कुणी बोलायला लावलं नव्हतं.

तिथून मी रशीदभाईंना जीप वडखेडला फिरवायला सांगितली. शिंदे सिस्टर उपकेंद्राला कुलूप लावत होत्या. मी सांगितलेलं त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मॅडम, मला म्हाईत हाय ती पालं. पन नाल्याच्या अलीकडचं माझं. पलीकडचं शहराचं. माझ्या यादीतली लेकरं संपली, शंभर टक्के झाले. हे एकवीस धरले तर शंभराच्या वर जाईन. मागं एकदा तसं झालं व्हतं, तर खोटे आकडे दिले म्हनून मलाच खुलासा मागितला."

मग मी शहराच्या बाजूच्या आरोग्य केंद्रात गेले. तिथल्या बाईंनी भिंतीवरचा नकाशा दाखवला. त्यांची हद्द रस्त्यापर्यंत. रस्त्यापासून नाल्यापर्यंतचा पट्टा शहरात घेणार असं ठरलेलं, पण कागद अजून आलेला नव्हता. "तोवर ते गावाकडंच," त्या म्हणाल्या. त्यांचंही काही खोटं नव्हतं. रस्ता आणि नाला यांच्यामध्ये फार तर दोन शेतांची रुंदी असेल. तेवढ्या जागेला त्या उन्हाळ्यात कुणीच सिस्टर नव्हती.

संध्याकाळी मी आमच्या पथकाच्या प्रमुख डॉक्टरांकडं गेले. बाहेरगावाहून आलेले, शांत बोलणारे, अभ्यासू गृहस्थ. त्यांना मी वाईट माणूस ठरवावं असं अजूनही वाटत नाही. त्यांनी मला बसवलं, चहा मागवला, सगळं ऐकलं.

"जोगदंड मॅडम, ही वस्ती आपल्या नमुन्यात आहे का?"

"नाही सर. गावाच्या घरयादीतच नाही."

"मग ती आपण धरली तर वडखेडचा आकडा कितीवर येईल?"

मी तोंडी हिशेब करून सांगितलं. तो फारच खाली येत होता.

"आणि उद्या दुसऱ्या जिल्ह्यातलं पथक म्हणेल, आमच्याकडंही अशी पालं होती, पण आम्ही नियम पाळला. मग तुलना कशाची कशाशी करायची? तुम्ही संख्याशास्त्राच्या. तुम्हीच सांगा."

"सर, पण तिथं गोवर आहे."

"ते आरोग्य खात्याला कळवा. अवश्य कळवा. ते काम वेगळं, आपलं काम वेगळं. शेऱ्यात लिहायचं तर लिहा, पण मला विचाराल तर नका लिहू. एवढं स्वच्छ गाव आहे, त्यावर वाद उभा राहील."

मी शेरा लिहिलेला होता, पाच ओळींचा. त्या रात्री नाही, तिथंच त्यांच्यासमोर मी तो खोडला. त्यांनी खोडायला सांगितलं नव्हतं, फक्त 'नका लिहू' म्हणाले होते. मला त्यांचं म्हणणं पटलं होतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे वडखेडचा तो शंभर टक्क्यांचा आकडा मला फार आवडला होता. तो मी तपासलेला होता, त्यावर माझी सही होती.

सकाळी आम्हाला शेजारच्या जिल्ह्यात निघायचं होतं. जाता जाता मी वडखेडच्या वरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात उतरले. मोठे डॉक्टर टँकरच्या पाण्यात औषध टाकण्याच्या बैठकीला गेलेले. मी तिथल्या कारकुनाकडं चिठ्ठी दिली: अमुक ठिकाणी पालं आहेत, गोवर आहे, एकवीस मुलं लसीविना आहेत, ताबडतोब कार्यवाही व्हावी. त्यानं ती फायलीत लावली. "साहेब आले की देतो," म्हणाला. मी एक दिवस थांबू शकले असते. जीप होती, रशीदभाई होते, आणि शिंदे सिस्टरांना पुन्हा गळ घालता आली असती. मी थांबले नाही. गाडीत बसल्यावर रशीदभाईंनी विचारलं, "हुआ मॅडम काम?" आणि मी म्हटलं, "हो, कळवलंय."

तीन आठवड्यांनी परत आलो. रशीदभाईंनी न सांगता त्या रस्त्याला गाडी घेतली. पालं तिथंच होती. मला आधी बरं वाटलं.

ठकूबाई उभी राहिली नाही. बसल्या जागेवरून म्हणाली, "आलात व्हय, बाई?"

"सुईवाली आली होती का?"

"कुनी नाय आलं."

मी इकडंतिकडं बघितलं. मंगल दगडांच्या चुलीपाशी पाठमोरी बसलेली होती. कडेवर कुणी नव्हतं. ठकूबाईनंच सांगितलं. शेवटच्या पालातला पोरगा बरा झाला. मग एकापाठी एक सहा लेकरांना उठला. हौसाचा पुरळ उतरला, पण खोकला राहिला. छाती भरली, दूध ओढंना. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात न्यायला म्हणून एका टेम्पोवाल्याला हात केला. वाटेतच गेली. परत आणून नाल्याच्या काठाला पुरली.

"मावशी, मी चिठ्ठी दिली होती," मी म्हटलं. हे बोलताना माझा मलाच आवाज ऐकू आला आणि लाज वाटली.

ठकूबाईनं हातातली लोकर खाली ठेवली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"बाई, आमी आमच्या वाटंनं निगालो व्हतो. चार दिस पानी पाजून फुडं जानार व्हतो. माझ्या भैनीच्या गावात सुईवाली वळखीची हाय, भैनीची सगळी लेकरं तिनं टोचली. तुमी गाडी थांबवून नावं लिव्हून घेतली. हलू नका म्हनलात. म्हनून आमी थांबलो. रोज ही मंगल पोरीचं तोंड धुवून, शेंड्या घालून रस्त्याकडं बगत बसायची. आज येतील, उद्या येतील. तुमाला यायाचंच नव्हतं, तर मंग लिव्हून कशापाई घेतलं?"

मी इतकी वर्षं लोकांना प्रश्न विचारत आले होते, आणि मला कुणी विचारलेला हा एकच खरा प्रश्न.

मी जीपमध्ये बसले. रशीदभाईंनी विचारलंही नाही, गाडी सरळ वडखेडला नेली. शिंदे सिस्टर लसीकरणाचं सत्र आटपून बसल्या होत्या. मी सांगितलं, "नाल्यापलीकडची एक पोर गेली, सिस्टर. दीड वर्षाची."

सिस्टरांनी पुढ्यातलं रजिस्टर मिटलं. मग उठल्या. बर्फाच्या पिशव्या लावलेला लसींचा डबा अजून रिकामा केलेला नव्हता, आत न फोडलेल्या कुप्या होत्या. तो त्यांनी खांद्याला अडकवला. अ जीवनसत्त्वाची बाटली घेतली. चपला सरकवता सरकवता म्हणाल्या, "हद्द कुनाची ते मागाहून बगू. चला."

त्या दुपारी चौदा लेकरांना टोचलं. ज्यांना गोवर येऊन गेला होता त्यांना औषधाचे चमचे दिले, एकाला धाप लागत होती त्याला रशीदभाई आईसकट दवाखान्यात घेऊन गेले. तो वाचला. लेकरं रडत होती, हातपाय झाडत होती. त्यांना धरायला मंगल पुढं आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. एकेकाला मांडीवर घ्यायची, हात घट्ट धरायची, सुई निघाली की आईकडं द्यायची. चौदाच्या चौदा लेकरं तिच्याच मांडीवर होती. तिनं माझ्याकडं एकदाही बघितलं नाही.

उपकेंद्रात परतल्यावर सिस्टरांनी रजिस्टर उघडलं आणि पेन हातात धरून बसल्या. "मॅडम, हे कुटं लिव्हू? माझ्या गावची लेकरं नायत. दिलं म्हनून लिव्हलं तर शंभराच्या वर जातंय."

गोवराची कुपी एकदा फोडली की चार तासांत संपवावी लागते, उरलेली टाकून द्यायची असते. त्यासाठी रजिस्टरात 'वाया गेलेल्या मात्रा' असा एक रकाना असतो. शिंदे सिस्टरांनी त्या रकान्यात चौदा लिहिलं. मग रजिस्टर माझ्यापुढं सरकवलं. तपासणाऱ्याची सही लागते. मी वाचलं आणि सही केली. त्या दुष्काळात त्या भागात ज्या चौदा मात्रांचा खरा उपयोग झाला, त्या सरकारदरबारी वाया गेल्या आहेत, आणि त्याखाली माझं नाव आहे.

अहवालाचं काय झालं, तेही सांगते. तो वेळेवर निघाला, चांगला कागद, रंगीत नकाशे. वडखेड त्यात चौकट करून छापलं होतं, अनुकरणीय गाव म्हणून. मी प्रमुख डॉक्टरांना लांबलचक पत्र लिहिलं. त्यांनी उत्तर पाठवलं, दुःख व्यक्त केलं, आणि पुढच्या आढाव्याच्या फॉर्ममध्ये एक ओळ घालून घेतली: 'गावाच्या परिसरात घरयादीबाहेरची वस्ती आहे काय? हो / नाही.' लोक मला म्हणतात, बघा, तुमच्यामुळं एवढं तरी झालं. मी पुढं असे शेकडो फॉर्म तपासले. बहुतेकांवर 'नाही'ला गोल केलेला असायचा. सगळ्या फॉर्मांवर एकाच पेनानं, एकाच बैठकीत. मी स्वतः मात्र नंतर कुठल्याही गावात शिरण्याआधी गाडी गावाभोवती फिरवायला लावायचे. वीटभट्ट्या, बांधकामावरच्या झोपड्या, पालं. रशीदभाई निवृत्त होईपर्यंत ते न सांगता फिरवत. पण वडखेडच्या त्या अहवालातला एकही आकडा खोटा नव्हता, ही गोष्ट मला आजही कुणाला नीट समजावून सांगता येत नाही.

राहिली ती लेकरांना टोचल्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. ठकूबाईनं सांगितलं होतं की आम्ही उद्या हलतो, आता इथं थांबायचं नाही. शिंदे सिस्टरांनी घरी बसून चौदा लेकरांची कार्डं लिहिली होती, पुढं कुठल्याही गावात दाखवता यावीत म्हणून. ती द्यायला आम्ही दोघी चालत गेलो. पालं उतरलेली होती, सामान घोड्यांवर लादलेलं. एकेक आई येऊन कार्ड घेऊन गेली. कुणी पदराला बांधलं, कुणी तांदळाच्या पिशवीत घातलं. एकीनं विचारलं, "फुडची सुई कवा?" सिस्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "तुम्ही जिथं असाल तिथल्या दवाखान्यात हे कार्ड दाखवा. इथून कुणी येईल असं मी सांगत नाही."

सगळ्यांचं झाल्यावर मंगल पुढं आली. सिस्टरांच्या हातातल्या उरलेल्या कोऱ्या कार्डांकडं बोट केलं.

"मला बी एक द्या. हौसाचं."

मी काहीतरी बोलणार होते. सिस्टरांनी मला हातानं थांबवलं, दगडावर बसल्या आणि लिहायला लागल्या. लिहून झाल्यावर कार्ड मंगलकडं दिलं.

मंगलनं ते उलटसुलट करून बघितलं. "काय लिव्हलंय ह्यात?"

"बाळाचं नाव हौसा," सिस्टर म्हणाल्या. "आईचं नाव मंगल."

"आन् खाली?"

खाली लसींचे चौकोन होते, एकाखाली एक, तारीख लिहायला जागा सोडलेली.

"खाली काय नाय," सिस्टर म्हणाल्या.

मंगलनं मान हलवली. कार्डाची घडी केली, चोळीत ठेवली, आणि पैठणच्या अंगाला निघालेल्या मेंढरांच्या मागं चालायला लागली.